पत्त्यांचा कॅट सरकवणारा प्रकाश

[दृश्य: चिमट्यात धरलेली चिकटपट्टी, तिच्यावर करडा, चकचकीत पापुद्रा]

हा पापुद्रा टंग्स्टन डायटेल्युराइडचा. चिकटपट्टी लावून ओढली की तो स्फटिकावरून अलगद सुटून येतो, कारण हा स्फटिक थराथरांचा आहे. प्रत्येक थरात मधे टंग्स्टन, वर-खाली टेल्युरियम. थराच्या आत अणूंची पकड घट्ट; दोन थरांमधली मात्र सैल. पत्त्यांचा कॅट हातात धरून अंगठ्यानं वरचे पत्ते किंचित सरकवावेत, तसे हे थर सरकतात.

आणि एवढ्याशा सरकण्यानं या पदार्थाची जातच बदलते.

१९२९ साली गणितज्ञ हेरमान वाइल यांनी वस्तुमान नसलेल्या कणांचं समीकरण मांडलं. २०१५ साली टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकातले इलेक्ट्रॉन त्या समीकरणाप्रमाणे वागताना दिसले. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या नकाशात त्यासाठी खास बिंदू लागतात. हे वाइल बिंदू जोडीनं येतात, एक डावा, एक उजवा. टंग्स्टन डायटेल्युराइडमध्ये त्यांना जागा मिळते, कारण तिथे एक सममिती मोडलेली आहे: अणूपासून केंद्रातून आरपार रेघ ओढली, तर पलीकडे तितक्याच अंतरावर त्याचा जोडीदार सापडत नाही. थर सरकवून अणूंच्या या जोड्या जुळवल्या, की डावे-उजवे वाइल बिंदू एकमेकांत विरून जातात.

[दृश्य: कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क, स्लॅक प्रयोगशाळा]

इथले संशोधक ॲरन लिंडेनबर्ग यांच्या गटानं थर सरकवण्याचं हे काम प्रकाशाकडून करून घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. त्यांनी वापरला टेराहर्ट्झ प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. त्याच्या एका कणात हिरव्या प्रकाशाच्या कणापेक्षा शेकडो पटींनी कमी ऊर्जा असते. मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट: स्फटिक भाजून काढायचा नाही, नुसता ढकलायचा. या झोताचं विद्युतक्षेत्र आतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतं, थरांचा तोल ढळतो आणि ते हेलकावू लागतात. एक हेलकावा जेमतेम चार पिकोसेकंदांचा; पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

इतकी झटपट हालचाल टिपायची कशी? आधी टेराहर्ट्झचा धक्का. मग ठरावीक क्षणांनी, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा एक झोत स्फटिकातून आरपार. पलीकडच्या पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. पुन्हा धक्का, या वेळी झोत किंचित उशिरानं. पुन्हा तेच. अशा चित्रांची माळ लावली, की ठिपके कमी-जास्त उजळताना दिसतात, आणि त्यावरून थर किती सरकले ते मोजता येतं.

पण सममिती खरंच परतली का? त्यासाठी वेगळी पारख होती. सममिती मोडलेल्या स्फटिकावर लेझर टाकला, तर त्यातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाशही निघतो. जोड्या जुळलेल्या स्फटिकाच्या गाभ्यातून तो जवळजवळ निघतच नाही. टेराहर्ट्झचा धक्का बसला आणि हा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मंदावला. माझ्या लेखी हा या प्रयोगातला सर्वांत बोलका पुरावा.

[दृश्य: ॲनिमेशन, डावीकडे-उजवीकडे हलणारे थर]

आणि थर उलट दिशेनं सरकले तर? गणित सांगतं, वाइल बिंदू विरण्याऐवजी एकमेकांपासून आणखी लांब जातात. हेलकाव्याच्या एका टोकाला बिंदू नाहीतच, दुसऱ्या टोकाला ते ठळक. आणि वेग, सेकंदाला २४ हजार कोटी हेलकाव्यांचा.