काळी वर, सोनेरी खाली

मित्रहो, उंच ग्लासातला फालुदा आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी खाल्ला असेल. तळाशी गुलाबाचे सरबत, त्यावर सब्जा आणि शेवया, वर दूध. चमचा घालेपर्यंत लाल आणि पांढरे वेगळे राहतात, कारण साखरेचा पाक दुधापेक्षा जड असतो. आज मी ज्या ग्लासाविषयी बोलणार आहे तोही थरांचाच आहे, परंतु त्यात आपला अंदाज साफ चुकतो. खाली एल नावाची सोनेरी बिअर आणि तिच्यावर स्टाउट नावाची काळीभोर बिअर. इंग्लंडमध्ये याला ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. आयर्लंडमध्ये मात्र १९२० साली ब्रिटिशांनी उतरवलेल्या आणि अत्याचारांमुळे कुप्रसिद्ध झालेल्या पोलिसांचे हेच टोपणनाव होते, म्हणून तिथे ‘हाफ अँड हाफ’ मागवलेले बरे. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून मी विषयाला हात घालतो.

काळी बिअर जड असणार, असे डोळे सांगतात. पण स्टाउटचा रंग येतो तो कॉफीच्या बियांसारख्या काळ्या होईपर्यंत भाजलेल्या जवापासून, आणि एकूण धान्यात असा जव अगदी थोडा असतो. वजन ठरते ते निराळ्याच दोन गोष्टींवर: यीस्टने न खाल्लेली साखर आणि डेक्स्ट्रिनसारखे घटक किती उरले, आणि अल्कोहोल किती तयार झाले. उरलेले घटक बिअरला जड करतात, तर पाण्यापेक्षा हलके असलेले अल्कोहोल तिला हलकी करते. गिनेससारख्या आयरिश पद्धतीच्या ‘कोरड्या’, म्हणजे गोड नसलेल्या, स्टाउटमध्ये मुळात साखर बेताची असते, तिच्यातली बरीचशी यीस्ट संपवते, आणि अल्कोहोल जेमतेम ४.२ टक्के असूनही ती पुष्कळशा सोनेरी एलपेक्षा हलकी भरते.

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडेना. घरात दुधाचा जुना लॅक्टोमीटर होता. त्यावरच्या खुणा १५ ते ४०, म्हणजे सापेक्ष घनता (पाणी १ धरले तर) १.०१५ ते १.०४०. भाच्याने विमानतळावरून आणलेल्या स्टाउटमध्ये तो सोडला, तर सरळ तळाला जाऊन बसला. शेवटी प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून हायड्रोमीटर, म्हणजे कुठल्याही द्रवाची घनता मोजणारे तसेच तरंगते साधन, आणला. बिअरमधले बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात, तेव्हा आधी ते घालवावे लागतात. टपरीवरचा चहावाला चहा जसा या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओततो, तशी मी बिअर दहा-बारा वेळा ओतली. साधन २० अंश सेल्सियसला प्रमाणित केलेले, आणि मे महिन्यात पार्ल्याच्या स्वयंपाकघरात २० अंश आणायचे कुठून? भांडे बर्फाच्या पाण्यात धरून थांबलो. स्टाउट १.००८ भरली, पेल एल १.०१२. हा फरक लिटरमागे चार ग्रॅमांचा, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्यातल्या साखरेएवढा आहे. ग्लासातली ती सुबक रेघ एवढ्याशा आधारावर उभी असते, आणि म्हणूनच ओतणाऱ्याचा हात महत्त्वाचा ठरतो.

यासाठी पबमध्ये दांडा वाकवलेला चमचा वापरतात. मला आमची फोडणीची लोखंडी पळी अगदी योग्य वाटली: लांब दांडा, गोल पाठ. एल अर्ध्या ग्लासापर्यंत जोरात ओतून दोन बोटे फेस आणला, कारण हा फेसच वरून येणाऱ्या स्टाउटला गादीसारखा झेलतो. पळीची पाठ फेसाला टेकवली मात्र, आणि फेस बघता बघता बसला. स्टाउट थेट एलमध्ये घुसली आणि ग्लासभर चिंचेच्या कोळासारखे काहीतरी तयार झाले. मी गणिते तपासत बसलो, पत्नीने पळी उचलून नुसती नाकाशी धरली आणि म्हणाली, “अहो, हिच्यात तीस वर्षांचं तेल मुरलंय.” तिचे बरोबर होते. तेलाचा अंशसुद्धा बुडबुड्यांचा पापुद्रा फोडतो. साबणाचा राहिलेला अंशही तेच करतो, म्हणून ग्लास भरपूर पाण्याने विसळून उपडा निथळू द्यावा, पंच्याने पुसू नये. त्यानंतर मी स्टीलची नवी पळी घेतली, तिची पाठ फेसाच्या किंचित वर धरली आणि तिच्यावरून स्टाउट अगदी बारीक धारेने सोडली. तेव्हा कुठे रेघ धरली.

वायूचाही यात वाटा आहे. साध्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, आणि त्याचे बुडबुडे वर जाताना खालची बिअर सोबत ओढून नेतात. त्यामुळे एल ओतल्यावर तिची खळखळ शांत होईपर्यंत धीर धरावा. डब्यातल्या ड्राफ्ट स्टाउटमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि त्याच्या जोडीला नायट्रोजन असतो. १९८८ पासून गिनेसच्या डब्यात येणारे प्लॅस्टिकचे छोटे साधन डबा उघडताच हा नायट्रोजन बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडते. अशी स्टाउट वरच्या थरात फारशी खळखळ करत नाही.

एवढे जमल्यावर मी निर्धास्त झालो आणि एका स्थानिक ब्रुअरीची स्टाउट आणली. रंग तोच, फेस तोच, पळी तीच, पण ती धारेसरशी एलच्या खाली गेली. लेबल नीट वाचले नव्हते हा दोष माझा: ती मिल्क स्टाउट होती. तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असते. बिअरचे यीस्ट ती पचवू शकत नाही, त्यामुळे ती साखर जशीच्या तशी राहते. हायड्रोमीटर १.०२२ दाखवत होता. मग मी क्रम उलटा केला. खाली मिल्क स्टाउट, वर सोनेरी एल. फरक लिटरमागे दहा ग्रॅमांचा असल्यामुळे हा ग्लास पहिल्यापेक्षा कितीतरी सोपा निघाला, आणि नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. दिसायला मात्र पहिलाच देखणा, यात वाद नाही.

पुढचा प्रश्न तापमानाचा होता. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा याचे गणित विल्यम गॉसेट यांनी गिनेस ब्रुअरीच्याच नोकरीत असताना बसवले आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. ती टी-चाचणी मी अनेक वर्षे शिकवली होती, पण तिच्या माहेरच्या पेयावर लावण्याचा योग आता आला. चहाच्या कटिंगएवढे आठ ग्लास भरले, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावणे आले. चार ग्लासांत दोन्ही बिअर फ्रिजमधून सारख्याच थंड काढलेल्या. उरलेल्या चारांत खालची एल ५ अंशांवर आणि वरची स्टाउट १२ अंशांवर. थंड द्रव जरा जड असतो, तेव्हा दुसऱ्या चारांतला फरक थोडा वाढणार हे उघड होते. त्या चारही ग्लासांतली रेघ पहिल्या चारांपेक्षा जास्त वेळ टिकली. आपल्या दमट हवेत ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, काच बाहेरून तापत जाते आणि तिच्यालगतची बिअर वर सरकू लागते. म्हणून आठही ग्लासांत रेघ आधी कडेला पुसट झाली आणि मग मध्ये. या निरीक्षणात आठवा ग्लास थोडा अपुरा आहे, कारण समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी तो वेळ नोंदवण्यापूर्वीच संपवला.