युनिटला किती किलोमीटर?

[दृश्य: पहाट. वेताळ टेकडी. फिरायला आलेली माणसं, मागे संस्थेच्या इमारती.]

पुण्यातल्या वेताळ टेकडीला बरेच पुणेकर 'एआरएआय टेकडी' म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था इथे आहे. गाडीच्या जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित' असं लिहून जो आकडा येतो, तो देण्याचं काम या संस्थेचं. टेकडीवर रोज चालायला येणाऱ्या कित्येकांनी त्या आकड्याकडे बघूनच गाडी घेतलेली असेल.

आपल्याकडे नवी गाडी दारात आली, की शेजारी पेढा तोंडात टाकता टाकता एकच गोष्ट विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा प्रश्न अगदी नेमका आहे. लिटरला किती किलोमीटर, म्हणजे गाडी खाल्ल्या अन्नाला किती जागते, ते त्यातून कळतं. इलेक्ट्रिक गाडी आली आणि तोच शेजारी विचारायला लागला, "एका चार्जला किती जाते?" त्याचं उत्तर बरचसं बॅटरीच्या आकारातून येतं. मोठी टाकी बसवली की गाडी लांब जाणारच. पण ती पेट्रोल पिते कशी, हे टाकीवरून कसं कळणार?

या फिल्ममध्ये आपण जुनाच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. फक्त लिटरच्या जागी युनिट. घरच्या वीजबिलावर जे छापलेलं असतं, तेच युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास.

[दृश्य: चाचणीगृह. रोलरवर फिरणारी चाकं.]

प्रमाणित आकडा निघतो तो असा. गाडी रोलरवर उभी करतात. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. एक फेरी वीस मिनिटांना थोडी कमी. सरासरी वेग ताशी तीसेक किलोमीटर, सगळ्यात जास्त वेग ९०. एसी बंद. बॅटरी संपेपर्यंत हीच फेरी पुन्हा पुन्हा. यात फसवणूक नाही. सगळ्या गाड्यांना एकाच तराजूत तोलायचं, तर असंच करावं लागतं. पण या तराजूत खंबाटकी घाट नाही, मे महिन्यातलं सोलापूर नाही आणि शंभरच्या वेगाने धावणारा एक्सप्रेस-वेही नाही.

जानेवारी २०२० मध्ये टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. बॅटरी ३०.२ युनिटांची, प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. म्हणजे युनिटला दहाच्या वर. रस्त्यावर मात्र ही गाडी दोनशेच्या आसपास जाते, असं ती चालवणारे सांगत आले. म्हणजे युनिटला साडेसहा-सात. तीनशे बारा ऐकून घेतलेली गाडी दोनशेवर आली, की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. ती नाराजी समजण्यासारखी आहे.

पण या दोनशेकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे त्या अख्ख्या बॅटरीत मावते जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. साडेतीन लिटरमध्ये पुण्याहून खोपोलीला जाऊन घरी परत! पेट्रोलच्या इंजिनात तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत जाते. मोटर नव्वद टक्क्यांच्या वर ऊर्जा चाकाकडे पोचवते. इतकं थोडं अन्न बरोबर घेऊन निघाल्यामुळेच इलेक्ट्रिक गाडीला घासाघासाचा हिशोब लागतो.

[दृश्य: मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे. स्पीडोमीटर ८० वरून १०० वर.]

पहिला मोठा घास घेतो वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, की प्रत्येक किलोमीटरला हवेशी झगडण्यात जाणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. किवळ्याहून कळंबोलीपर्यंतचे ९४ किलोमीटर शंभरने कापले काय आणि ऐंशीने कापले काय, वेळ वाचतो चौदा मिनिटं. पण पल्ल्यात पडणारा फरक काट्यावर डोळ्यांनी दिसतो. उंच, चौकोनी एसयूव्हीला हा मार जास्त.

आपली जुनी समजूत इथे उलटी होते. पेट्रोलची गाडी शहरात कमी आणि हायवेवर जास्त ॲव्हरेज देते. इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला उभी राहिली, की मोटर काही खात नाही. थांबताना ती थोडी वीज परतही करते. म्हणून कर्वे रोडच्या गर्दीत ती जास्त देते आणि मोकळ्या हायवेवर कमी.

[दृश्य: खोपोली. समोर डोंगर. धुक्यात वर चढणाऱ्या ट्रकची रांग.]

आता घाट. खोपोलीहून लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर वर. चार माणसं, सामान आणि गाडी मिळून १७०० किलो धरू. एवढं वजन साडेपाचशे मीटर उचलायला अडीच युनिट लागतात. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, कुठल्याही कंपनीला तो चुकवता येत नाही. मोटर आणि गिअरमधली गळती धरली, की आकडा तीनच्या घरात जातो. त्यात रस्ता कापण्याचा नेहमीचा खर्च मिळवा. पंधरा किलोमीटरच्या घाटात ॲव्हरेज युनिटला साडेतीनवर येऊन बसतं. लोणावळ्याला पोचेपर्यंत स्क्रीनवरचा पल्ला भराभर उतरतो आणि नवा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. ती ऊर्जा वाया गेलेली नाही, ती उंचीत साठली आहे. परत उतरताना तिच्यातला बराच भाग मोटर बॅटरीत भरते. मुंबईची लोकलही ब्रेक लावताना अशीच वीज वरच्या तारेत परत सोडते.

[दृश्य: कर्जत स्टेशन. गाडीला मागून जोडली जाणारी इंजिनं.]

लोकलवरून आठवलं. कर्जतला गाडी जास्त वेळ का थांबते, हे प्रत्येक मुंबई-पुणेकराला माहीत आहे. वडापाव घेता येतो ही आपली सोय. रेल्वेचं कारण वेगळं आहे. १८६३ साली सुरू झालेल्या बोर घाटातल्या लोहमार्गावर चढ इतका आहे, की गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. घाट चढून झाला, की बँकर सोडून देतात, कारण सपाटीवर ते पुण्यापर्यंत वाहून नेणं म्हणजे नुसतं ओझं.

एक मोटर घ्यावी की दोन, या प्रश्नाची किल्ली मला या बँकरमध्ये सापडली.

टाटांची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली. ७५ युनिटांची तीच बॅटरी दोन प्रकारांत मिळते. एकात फक्त मागच्या चाकांना मोटर, दुसऱ्यात पुढेमागे दोन्हीकडे. मनात येतं, दुसरी मोटर म्हणजे ॲव्हरेज बुडालं. पण प्रमाणित आकडे बघा. एका मोटरचा पल्ला ६२७, दोन मोटरींचा ६२२. फक्त पाच किलोमीटरचा फरक!

[दृश्य: उघडलेल्या दोन मोटरी शेजारी शेजारी. आतले रोटर.]

याचं उत्तर मोटरींच्या पोटात आहे. मागची मोटर कायम चुंबकाची. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या भागात, चुंबकच बसवलेले, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार करायला वीज खर्च होत नाही. रोजच्या संथ चालीत सगळ्यात काटकसरी तीच. पण चुंबकाला सुट्टी देता येत नाही. अशी मोटर नुसती फिरत ठेवली, तरी तिचं क्षेत्र आतल्या लोखंडाला घासत राहतं आणि गाडीला किंचित ब्रेक लागल्यासारखा होतो.

पुढची मोटर इंडक्शनची. हिच्यात चुंबक नाही. वीज दिली तर क्षेत्र तयार होतं, वीज तोडली की क्षेत्रही जातं आणि रोटर मोकळा फिरतो. चिखल असेल, ओव्हरटेक असेल, तेव्हा हिला हाक मारायची, एरवी झोपू द्यायचं. बँकर इंजिन सोडून दिल्यासारखंच, फक्त इथे कपलिंग काढायला माणूस लागत नाही. टेस्लाच्या मॉडेल थ्रीमध्येही दोन मोटरी असल्या तर जोडी अशीच असते, मागे चुंबक आणि पुढे इंडक्शन.

चुंबकाचा आणखी एक मुद्दा आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. या चुंबकांना निओडिमियम लागतं आणि उष्णता सहन व्हावी म्हणून डिस्प्रोसियमसारखी धातूही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा काही धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि भारतातल्या वाहन कंपन्यांना पुरवठ्याची चिंता लागली. रेनॉने झोईमध्ये आणि बीएमडब्ल्यूने आयएक्सथ्रीमध्ये चुंबकाऐवजी तांब्याच्या तारा गुंडाळलेला रोटर वापरला आहे. आपल्या चाकण-पिंपरीतल्या अभियंत्यांनी या वाटेवर जोर लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मग ओढायचं पुढच्या चाकांनी की ढकलायचं मागच्या? घाटाला दोन्ही बाजू आहेत. चढताना वजन मागे सरकतं, म्हणून ओल्या चढावर मागची चाकं रस्ता जास्त घट्ट धरतात. महिंद्राची बीई सिक्स मागच्या चाकांवर चालते. उतरताना वजन पुढे येतं. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात, आणि वीज परत मिळवायची तर मोटर पुढे असलेली बरी. नेक्सॉनची मोटर पुढे आहे. श्रावणातल्या वरंध घाटात दोन्हीकडे मोटर असणं खरंच कामाचं. पण ज्याची गाडी वारजे ते हिंजवडी एवढीच धावते, त्याने दुसऱ्या मोटरीचे आणि पाच क्विंटलच्या बॅटरीचे पैसे का भरावेत? रोज साठ किलोमीटर जायला नऊ-दहा युनिट पुरतात. उरलेली बॅटरी दररोज नुसती फिरायला येते.

[दृश्य: महाबळेश्वर. रात्री चार्जरला लावलेली गाडी.]

शेवटचा रस्ता आंबेनळी घाटाचा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्री गाडी शंभर टक्के भरून ठेवली, तर सकाळी उतारावर बॅटरीत जागाच नसते. मोटर वीज परत घेऊ शकत नाही, सगळा भार ब्रेकच्या पॅडवर पडतो. म्हणून इथे पंच्याऐंशीला थांबायचं.

पोलादपूरपर्यंत सुमारे १३०० मीटरचा उतार. आपल्या १७०० किलोच्या गाडीत ही उंची म्हणजे सहा युनिट. टायर, हवा आणि गळती आपापला वाटा घेतात, तरी हिशोबाने एखाद-दीड युनिट शिल्लक पडतं.

[दृश्य: पोलादपूर. चाळीसेक किलोमीटर झाले आहेत. स्क्रीनवर आकडा: ८९ टक्के.]