आकाराबरोबर धातूही घडतो

नमस्कार श्रोतेहो.

सांवेर रोड, पीथमपूर, देवास. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतलं कुणी ना कुणी या कारखान्यांच्या पट्ट्यात टर्नर, फिटर, वेल्डर, डाय-मेकर किंवा सुपरवायझर म्हणून राबलेलं आहे. आजचं माझं बोलणं त्यांच्याशी, आणि आयटीआय नाहीतर इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या मुलामुलींशी. विषय आहे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग.

थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की अजूनही प्लास्टिकची खेळणी आणि शोभेच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. पण हे प्रकरण आता रॉकेटपर्यंत पोचलंय. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून बघितलं. पूर्वी या इंजिनाचे १४ वेगवेगळे भाग व्हायचे; आता एकच सलग नग. १९ वेल्ड जोड गेले. ज्याने वेल्डची तपासणी केली आहे, त्याला १९ जोड जाणं म्हणजे किती घोर मिटला हे कळेल. आणि पूर्वी ज्या इंजिनाला ५६५ किलो फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला धातू, आणि पत्रा लागायचा, त्याला आता धातूची पूड लागते १३.७ किलो. उरलेलं सगळं आजवर चिप्स होऊन भंगारात जात होतं.

हे होतं कसं? एक बंद पेटी असते, आत आर्गॉन वायू भरलेला, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने धातू खराब होऊ नये. तळाशी जाड पोलादी प्लेट. तिच्यावर एक पातं धातूची पूड पसरत जातं. ही पूड मैद्यासारखी बारीक, कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) आणि शक्य तितके गोल, कारण गोल कण सरसर वाहतात आणि थर एकसारखा बसतो. मग वरून लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो. प्लेट एका थराइतकी खाली उतरते, पातं पुन्हा फिरतं. थर ४० मायक्रॉनचा धरला, तर १० सेंटिमीटर उंचीच्या जॉबला, म्हणजे घडवायच्या वस्तूला, अडीच हजार थर लागतात.

काचेतून बघितलं तर राखाडी पुडीवर एक पांढरा ठिपका धावताना दिसतो, मागे बारीक ठिणग्या उडतात. त्या ठिपक्याखाली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं वितळलेल्या धातूचं डबकं असतं. आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा त्या डबक्यातच आहे.

आपण बाजारातून सळई आणतो तेव्हा तिच्यासोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. धातू चांगला की वाईट, याची हमी धातूच्या गिरणीने दिलेली असते. आपण फक्त आकार देतो. या नव्या कामात आकार आणि धातू एकाच क्षणी जन्माला येतात. म्हणजे धातूची जबाबदारी गिरणीकडून उठून थेट मशीन चालवणाऱ्याच्या अंगावर येते. मशीन विकणारे सॉफ्टवेअरबद्दल भरभरून बोलतात, पण ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात क्वचितच येते, म्हणून मी इतकं ठासून सांगतोय.

ते डबकं सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतं. आपल्या ओतकामात असं कधीच घडत नाही. त्याचा फायदा असा की धातूच्या आतले स्फटिकांचे दाणे फार बारीक राहतात आणि ताकद वाढते. तोटा असा की आत ताण कोंडून राहतो. भट्टीत ताण न काढताच जॉब वायर कटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, लावला, की प्लेटपासून सुटता सुटता त्याचे कोपरे डोळ्यांदेखत वर उचलले जातात. ड्रॉइंगमध्ये सरळ असलेली बाजू हातात धनुष्यासारखी येते. म्हणून आधी ताण काढायचा, कापायचं नंतर. हा क्रम चुकवून चालत नाही.

दुसरं दुखणं छिद्रांचं. लेझरची ऊर्जा कमी पडली, तर दोन थरांमध्ये पूड न वितळता राहते. जास्त झाली, तर धातूची वाफ होऊन डबक्यात खोल विवर पडतं, ते कोसळतं आणि बुडाशी बुडबुडा अडकतो. हे नुसतं अनुमान नाही. अमेरिकेत आर्गॉन (Argonne, वायूशी संबंध नाही) नावाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवून प्रखर किरण काढणाऱ्या यंत्रावर, अतिप्रखर एक्स-रे वापरून चालू लेझरखालच्या विवराचं चित्रण झालं आणि २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. असा एक सिंक्रोट्रॉन आपल्या इंदुरातही आहे, हे किती इंदूरकरांना ठाऊक असेल? सुखनिवासजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातला इंडस-२, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा. त्याच्यावर एक्स-रे चित्रणाची सोयही आहे. याच केंद्रात नोझलमधून पूड सोडत, लेझरने थरावर थर चढवत कोल्मोनॉय या निकेलमिश्र कठीण धातूचे बुश घडवण्याचं काम वीस वर्षांपूर्वीच झालं. परदेशी मशीनची पत्रकं चाळण्याआधी आपल्या गावातलं हे काम समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ॲल्युमिनियमची गोष्ट ऐका. ७०७५ हा विमानातला मजबूत मिश्रधातू. वेल्डर मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण वेल्ड थंड होताना तडकतो. लेझरखालीही तसाच तडकायचा. याचं कारण असं, की धातू गोठताना लांबलचक खांबांसारखे स्फटिक उभे राहतात. त्यांच्या फटींत शेवटचा पातळ द्रव उरतो, सगळं आकसायला लागलं की फट उघडते, आणि ती भरायला द्रव पुरत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या एचआरएल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी लेझरला हात न लावता पुडीत बदल केला. तिच्या कणांवर झिर्कोनियमयुक्त अतिसूक्ष्म कण चिकटवले. गोठताना त्यांच्याभोवती हजारो ठिकाणी एकदमच स्फटिक सुरू झाले. लांब खांबांच्या जागी बारीक दाणे आले, ते आकसताना एकमेकांना सांभाळून घेतात, आणि तडे थांबले. अडचण मशीनची वाटत होती, उपाय धातुशास्त्रात निघाला. मला या क्षेत्रातलं हे सर्वांत सुंदर काम वाटतं.

आपल्याकडच्या छोट्या कारखान्याला याचा उपयोग काय, असं विचाराल. सगळं प्रिंट करायच्या नादी लागू नका. जो बुश लेथवर दहा मिनिटांत निघतो, तो लेथवरच करावा. पण प्लास्टिकचे मोल्ड बनवणाऱ्यांनी जरूर विचार करावा. मोल्डमध्ये पाणी फिरवायला आपण ड्रिलने भोकं पाडतो, ती सरळच जातात, आणि वळणावळणाच्या भागात उष्णता अडून बसते. प्रिंट केलेल्या इन्सर्टमध्ये, म्हणजे मोल्डमध्ये बसवायच्या तुकड्यात, पाण्याची वाट मोल्डच्या पृष्ठभागाला धरून वळवता येते. जॉब लवकर आणि सारखा थंड होतो, वाकत नाही, आणि दर शॉटमागे, म्हणजे मोल्डमधून निघणाऱ्या प्रत्येक खेपेमागे, सेकंद वाचतात. याला बहुधा मारेजिंग पोलाद वापरतात, म्हणजे नंतर तापवून कठीण होणारं निकेलयुक्त पोलाद. प्रिंट झाल्यावर ४९० अंश सेल्सिअसला सहा तास ठेवलं की ते मोल्डला लागणाऱ्या कठीणपणाला येतं. संपूर्ण मोल्ड प्रिंट करायची गरज नसते, अडचणीचा भाग तेवढा प्रिंट करून बाकीचा नेहमीच्या पद्धतीने करता येतो. सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे. मोल्डच्या कामात शिरू पाहणाऱ्या मुलांनी तिथून सुरुवात करावी.

मशीन घ्यायला निघालेल्या मालकांना एवढंच सांगेन, की किंमत धरताना भट्टी, वायर कट, पूड चाळायची सोय आणि आर्गॉन हे सगळं आधी धरा. न वितळलेली पूड पुन्हा वापरता येते, पण दर वेळी ती चाळावी लागते आणि तिच्यातला ऑक्सिजन हळूहळू वाढतो. म्हणून कोणत्या जॉबला कोणती पूड, कितव्या फेरीची वापरली, याची नोंद वहीत असू द्या. आणि प्रत्येक प्लेटवर जॉबशेजारी दोन-तीन साध्या कांड्या प्रिंट करा. त्या ओढून, तोडून तपासा, मगच जॉब गिऱ्हाइकाला द्या. या कामात टेस्ट सर्टिफिकेट आता तुमच्याच सहीचं असणार आहे.

नमस्कार.