पडवीत खोललेले ६९७

पावसाळा सुरू झाला की उसाची वाहतूक थांबते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे ज्या घराचा संसार एका जुन्या ट्रकवर चालतो, त्या घराच्या पडवीत याच दिवसांत इंजिन खोलले जाते. समोर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेले हे इंजिन टाटाचे ६९७ आहे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ही त्याची ओळख त्याच्या नावातच आहे. १२८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरला की क्षमता ५,६७५ घन सेंटिमीटर भरते. डेमलर-बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापेही हीच आहेत, कारण टेल्कोने (आताच्या टाटा मोटर्सने) १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले ते या जर्मन कंपनीच्या सहकार्याने, आणि १९६९ साली ते सहकार्य संपल्यावरही इंजिनाचे कूळ तेच राहिले.

या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. जे काही घडते ते लोखंडात घडते आणि मोजता येते, म्हणूनच ते घरी बांधता येते. मात्र त्यासाठी ताकदीपेक्षा मोजमाप आणि स्वच्छता यांची गरज अधिक आहे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

इंजिन उतरवताना चेन पुली घराच्या वाशाला कधीही बांधू नये; जाड लोखंडी पाइपांची तिपाई उभी करूनच काही क्विंटलांचे हे ओझे उचलावे. इंजिन खाली आले की पहिले काम खुणांचे. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या प्रत्येक कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या कॅपवर क्रमांक आहे का, हे पाहायचे आणि नसेल तर पंचने उमटवायचा. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यांत फिरतो त्या मेन बेअरिंगच्या सातही कॅप ब्लॉकला बसवून एका रेषेत बोअर केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर नवे बेअरिंगसुद्धा क्रँकला आवळून धरते.

यानंतर मापे. लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) झीज सर्वांत वर, रिंग जिथपर्यंत चढते तिथे जास्त असते; म्हणून बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, तसेच क्रँकच्या दिशेने आणि तिला काटकोनात, असे फिरवून आलेला प्रत्येक आकडा वहीत लिहिला जातो. क्रँकचे जर्नलही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गोल भागही, असेच दोन दिशांनी मोजले जातात, कारण ते गोल दिसत असले तरी झिजून अंडाकृती झालेले असू शकतात. तसे निघाले तर क्रँक ग्राइंडिंगला जाते आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइजचे, म्हणजे बारीक झालेल्या जर्नलला बसणारे, बेअरिंग घ्यावे लागते. ग्राइंडिंग आणि बोअरिंग ही घरची कामे नव्हेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे ऑइल इंजिनांनी कारागिरांच्या पिढ्या घडवल्या, तिथे ती करून मिळतात.

ग्राइंडिंग होऊन आलेल्या क्रँकची तेलाची भोके साफ न करता ती बसवणे, ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. त्या भोकांत दगडाची बारीक पूड अडकलेली असते आणि इंजिन चालू होताच ती तेलाबरोबर थेट बेअरिंगवर जाते. तार, रॉकेल आणि हवेचा दाब वापरून प्रत्येक भोक आरपार मोकळे करायला एक दुपार जाते, आणि ती द्यावीच.

फ्युएल पंपही घरी खोलू नये. त्यातील प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांमधील फट काही मायक्रॉनचीच असते, आणि सहाही सिलिंडरना डिझेल सारखे जाते की नाही, हे फक्त टेस्ट बेंचवरच कळते.

जोडणी करताना एकेक मेन कॅप टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून झाली की क्रँक हाताने फिरवून पाहावी. कुठल्या कॅपनंतर ती जड झाली, यावरून दोष कुठे आहे हे लगेच कळते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने आणि टप्प्याटप्प्याने आवळले जातात. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधील फट. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४ अशी आहे, त्यामुळे १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४ या सिलिंडरांचे पिस्टन जोडीने वर येतात. सहाव्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत असताना दुसरा उघडू लागला की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात. तेव्हा पहिल्याचे टॅपेट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावायचे आणि याच रीतीने पुढे जायचे. हा हिशेब एकदा मनात बसला की फ्लायव्हीलवरची खूण शोधत बसावे लागत नाही.

चालू करण्यापूर्वी डिझेल बंद ठेवून, तेलाचा काटा वर येईपर्यंत सेल्फ मारला जातो. मग पंपाची हवा काढतात. एअर इनटेकजवळ एक जाड सपाट फळी हाताशी ठेवलेली असते, कारण रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा पंपातला दांडा) अडकून इंजिन बेफाम पळू लागले, तर हवा तोडणे हाच उपाय उरतो. तिथे हाताचा तळवा लावणे जिवावर बेतू शकते.

इंजिन गरम होऊन पुन्हा थंड झाले की टॅपेट परत तपासले जातात. पहिल्या काही दिवसांनी तेल काढून पांढऱ्या कापडातून गाळले जाते आणि ते कापड उन्हात धरून पाहिले जाते. त्यावर धातूची चमक दिसली, तर ऑइल पॅन पुन्हा उतरतो.