बोनेटवर आधी हात ठेवा

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर एका गॅरेजमालकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

पोरांनी मला विषय दिला होता, ‘जुनी गाडी कशी घ्यावी’. मी म्हटलं, त्यासाठी मी कशाला पाहिजे? साधी फॅमिली गाडी घ्यायची तर तुमचे काकासुद्धा चार चकरा मारून बरी बघून आणतील. तुम्हाला विचारायचंय ते दुसरंच. पोलो जीटी बजेटात बसते का, अबार्थ पुंटो मिळाली तर सोडू नये का, बलेनो आरएस कशी आहे. हसू नका, आठवड्याला एक जण तरी हेच विचारत गॅरेजवर येतो.

या टर्बोवाल्या, जोरात पळणाऱ्या छोट्या गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. साध्या गाडीचं रनिंग ऐंशी हजार म्हटलं की निम्मी माहिती मिळाली. इथे मीटरवरचा आकडा खरा असला तरी फारसा बोलत नाही. तीस हजार पळालेली गाडी रोज सकाळी थंड इंजिनावर रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएम मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत ओढली असेल, तर हायवेवर नव्वद हजार झालेली तिच्यापेक्षा बरी. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. घाट चढून वर आला, चहाच्या टपरीवर खाडकन इंजिन बंद केलं, की तापलेल्या टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. दोन-चारदा काही होत नाही. चार वर्षं तेच केलं, वर ऑइल बदलायलाही उशीर केला, की बेअरिंग बोलायला लागतं. आधीच्या मालकाच्या सवयी तुम्ही गाडीबरोबर विकत घेता आणि त्या आरसीवर लिहिलेल्या नसतात. त्या गाडीवर शोधायच्या असतात.

मागच्या वर्षी एका पोराबरोबर इचलकरंजीला लाल हॅचबॅक बघायला गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. सकाळी साडेसातला पोचलो. पोरगा थेट अलॉय व्हील्सकडे गेला. मी बोनेटवर हात ठेवला, गरम. मालक म्हणाले, “बॅटरी उतरू नये म्हणून जरा फिरवून आणली.” बरं. बॅटरीची एवढी काळजी असलेला माणूस आदल्या दिवशी फोनवर “गाडी दोन महिने हलली नाही” म्हणाला होता. मी म्हटलं, आम्ही मिसळ खाऊन येतो, गाडी तशीच राहू द्या. मिसळ झाली, गावात एक काम होतं तेही झालं, साडेअकराला परत आलो. पोराला मागे सायलेन्सरजवळ उभं केलं, मालकांना स्टार्ट मारायला सांगितलं आणि मी बोनेट उघडून कान लावला. पहिले तीन सेकंद टायमिंग चेन डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखडली, मग तेलाचा दाब आला आणि गप्प झाली. मागून पोरगा ओरडला, “काका, निळा धूर!” गरम इंजिनावर यातलं काहीच दिसलं नसतं.

धुराचं थोडक्यात सांगतो. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर ती नुसती वाफ. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि वास गोडसर असेल, तर कूलंट आत चाललंय, इंजिनाच्या डोक्याखालचं हेड गॅस्केट बघा. चालवताना एक करायचं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढायचा, खाली आल्यावर एकदम अॅक्सिलरेटर दाबायचा आणि आरशात बघायचं. तेव्हा निळा भपकारा आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील.

क्लचसाठी चौथा गिअर टाका, कमी वेगावरून पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, म्हणजे प्लेट गेली. तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा घाईने टाकून बघा, गिअर जुळवून घेणारा सिंक्रो झिजला असेल तर करकर येते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा सीव्ही जॉइंट गेलाय. हे सगळं म्युझिक बंद ठेवून करायचं. बाजारातला भोंग्यासारखा सायलेन्सर बसवलेला असेल तर जास्त जपून. त्या आवाजावर तुम्ही भाळता आणि त्याच आवाजाखाली बाकीचे आवाज बुडतात.

पोलो जीटी टीएसआयचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच. २०१३ ला आली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (अश्वशक्ती), आणि ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चाकणला बनायची, म्हणजे आपल्याच घरची. हा डीएसजी कोरड्या क्लचचा, आत दोन क्लच. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना ते घासत राहतात आणि तापतात. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर चालवून ‘मक्खन आहे’ म्हणू नका. अर्धा तास तापवा, मग चढावर उभी करा, ब्रेक सोडून हळूहळू सरकू द्या. रिव्हर्सलाही तेच करा. थरथर, धक्का, किंवा डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकला तर हात जोडून परत या. या गिअरबॉक्सचा मेंदू म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट, त्याचं बिल ऐकून घरात दोन दिवस कोणी बोलत नाही. २०२० नंतरची १.० टीएसआय वेगळी. तिला मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला साधा ऑटोमॅटिक आहे.

आता मॉडिफिकेशन. विकणारे विकण्याआधी गाडी पुन्हा ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीतून आली तशी करतात, पण खुणा राहतात. समोरच्या काचेजवळच्या खांबावर डिंकाचा चौकोनी डाग दिसला, तर तिथे टर्बोचा दाब दाखवणारं बूस्ट गेज होतं. व्हॅक्यूमच्या पाइपमध्ये कापून घातलेला टी-जॉइंट, फ्यूजबॉक्सजवळ उगाच गुंडाळलेली टेप, डॅशबोर्डखाली रिकामं भोक. यातलं एक दिसलं तरी रिमॅप होता का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं होतं का, हे स्पष्ट विचारा. तो खरं सांगेलच असं नाही, पण उत्तर द्यायला किती वेळ लावतो ते बघा. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही लावा. स्वस्तातला ब्लूटूथवालाही चालेल. एकही कोड नाही, पण ‘रेडिनेस’चे, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्यांचे, निम्मे मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ कोणीतरी नुकताच कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार तारखांचे असतील तर का, विचारा. आतली कड झिजली असेल तर स्प्रिंग कापून गाडी खाली केलीय किंवा अलाइनमेंट गेलंय. डिकीतली स्टेपनी काढा, खालचा पत्रा बघा. मागून ठोकर बसली असेल तर तिथे सुरकुत्या आणि हाताने फासलेला सीलंट असतो. पोचा बुजवायला लांबी (पुट्टी) भरली असेल तिथे फ्रिजवरचं चुंबक नीट चिकटत नाही.

आणि आपल्या भागात पाणी. २०१९ आणि २०२१, दोन्ही पूर आपण बघितलेत. तेव्हा बुडालेल्या गाड्या कुठे गेल्या? सगळ्या भंगारात नाही गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी थांबेपर्यंत. वरचा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेल्या शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ राहते. मी एकदा असा बेल्ट ओढला आणि पंचगंगेची गाळमाती माझ्या पांढऱ्या शर्टवर आली. सीटच्या रुळांचा गंज आणि कारपेटखालचा वासही बघायचा.

कागदांवर वेळ घालवत नाही. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०, चलनं ऑनलाइन दिसतात, चासी नंबर स्वतः ताडून बघा. इसार मात्र तपासणीनंतर द्यायचा. पैसे दिले की माणूस आवाज ऐकायचा बंद होतो. मी स्वतः पंचविशीत असा बंद झालो होतो. तीन महिन्यांत इंजिन लेथवर आलं.

सुट्या भागांचा विचारही इथेच करा. फियाटने २०१९ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायची घोषणा केली. अबार्थ पुंटो फियाटचीच, रांजणगावची, १४५ पीएसची, चालवायला भन्नाट. मलाही मोह होतो. पण बंपर फुटला तर मिळायला किती दिवस लागतील, हे आधी दोन दुकानांत फोन करून विचारा आणि मगच भाव बोला.

लाल गाडीचं काय झालं, हे मगाशी कोणीतरी पुटपुटलं. चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर, टर्बोचं काम, दोन टायर, असा हिशोब मी मालकांच्या ओट्यावर बसूनच कागदावर मांडला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. ते चिडले, आत गेले, वहिनींशी बोलून बाहेर आले आणि जवळजवळ तेवढे पैसे कमी केले. पोराने गाडी घेतली, त्याच आठवड्यात ती माझ्याकडे लिफ्टवर चढली. टर्बो उघडल्यावर माझ्या अंदाजापेक्षा सहा हजार जास्त लागले. ते त्याने अजून दिलेले नाहीत. तो इथेच बसलाय, तिसऱ्या रांगेत.