मिलानची कोल्हापुरी आणि मुंबईचा कायदा

श्रोतेहो, नमस्कार.

२०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी वाटावी अशी पादत्राणे दिसली, तेव्हा कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले असताना हे घडलेच कसे, असे आपल्याकडे जो तो विचारू लागला. संताप रास्तच होता, परंतु मानांकनाकडून आपण जरा जास्तच अपेक्षा ठेवली होती.

मानांकनाने राखले जाते ते मुख्यतः नाव. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांच्याबाहेर बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. चपलेचे कान, तिची वेणी, तिचा घाट कुणी उचलला आणि तिला नुसते ‘चामडी सँडल’ म्हटले, तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय १९९९ चा हा कायदा भारताच्या हद्दीपुरता आहे. मिलानमधल्या दुकानाला तिथला आणि युरोपीय संघाचा कायदा लागू होतो, आणि हस्तकलेच्या वस्तूंना संघपातळीवर असे संरक्षण देणारी व्यवस्था तिथे १ डिसेंबर २०२५ पासूनच लागू झाली.

मुंबई उच्च न्यायालयात या प्रकरणी जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर ही दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळे; याचिकाकर्ते त्यांपैकी कुणीच नव्हते. पुढे डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाने करार केला. जे मिळाले ते वाटाघाटीतून मिळाले, हे नोंदवायला हवे.

हद्दीचा हा नियम परकीयांनाही तितकाच जाचतो. ‘प्रियस’ या मोटारीचे नाव जगभर गाजलेले असूनही, संबंधित काळात भारतीय बाजारात ते पुरेसे परिचित होते हे टोयोटाला सिद्ध करता आले नाही, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच नाव वापरणाऱ्या इथल्या सुट्या भागांच्या उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला.

मुंबईतून मसाले, लोणची किंवा कपडे बाहेर पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्याने यातून काय घ्यावे? अनेक देशांत नावाच्या नोंदणीसाठी, म्हणजे ट्रेडमार्कसाठी, जो आधी अर्ज करतो त्याचे पारडे जड असते, आणि तो अर्ज पुष्कळदा आपल्याच माणसाने, म्हणजे तिथल्या वितरकाने, स्वतःच्या नावे केलेला निघतो. तेव्हा माल जहाजावर चढण्यापूर्वी नावाची व्यवस्था लावावी. भारतात ट्रेडमार्कचा अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत, औद्योगिक मालमत्तेविषयीच्या (हवामानाच्या नव्हे) पॅरिस कराराच्या सदस्य देशांत, त्याच मूळ तारखेचा अग्रक्रम मागता येतो. भारत २०१३ मध्ये माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या करारात सामील झाल्यामुळे आपल्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयामार्फत एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. या कार्यालयाचे मुख्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. अर्थात प्रत्येक देश आपापल्या कायद्याने छाननी करतो आणि नकारही देऊ शकतो. पहिली पाच वर्षे तर सारा डोलारा मूळ भारतीय अर्जावर किंवा नोंदणीवर उभा असतो; ती इथे रद्द झाली, की परदेशातले संरक्षणही त्या प्रमाणात जाते. म्हणून इथल्या अर्जावर कुणी हरकत घेतली, तर तिला मुदतीत उत्तर द्यावे. ती मुदत दोन महिन्यांची असते.