मोठं इंजिन बसवायच्या आधी

मंडळी, टेबलावर दोन इंजिनं ठेवलीयत, डावीकडचं माझ्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकमध्ये सहा वर्षं चाललंय आणि उजवीकडचं अजून एकदाही सुरू झालेलं नाही. बोलण्याआधी दोन्हींचं फ्लायव्हील बोटांनी फिरवून बघा. जुनं सरसर फिरतं ना? आणि नव्याचा पिस्टन वर आला की अडतो, जोर लावला की कट् करून पुढे जातो. हे जाम झालेलं नाहीये, तो ताठपणा म्हणजेच त्याची ताकद. या इंजिनात पिस्टन रिंग नसते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोमचा मुलामा दिलेली पितळेची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, आणि स्लीव्ह वरच्या टोकाला अगदी केसभर निमुळती. गरम झालं की पितळ पसरतं आणि पिस्टनला बरोबर हवी तेवढीच जागा मिळते. म्हणून नवीन इंजिन थंड असताना कधी सुरू करू नका, आधी हेअर ड्रायरने हेड तापवा.

आता मुद्द्याचं. माझा ट्रक टी-मॅक्स, हे मॉडेल १९९९ मध्ये आलं तेव्हा त्यात ०.१५ क्यूबिक इंचाचं इंजिन होतं, म्हणजे साधारण २.५ सीसी. त्यात आपल्याला ०.२१ बसवायचंय, जवळपास ३.४ सीसी. ऐकायला फरक एका सीसीचा, पण हे इंजिन ३० हजार आरपीएमच्या वर जातं आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा. प्रत्येक वेळी तो जास्तीचा धक्का क्लच, गिअर, डिफरन्शियल सगळ्यांना बसतो.

बसवताना पहिली अडचण येते माउंटची, कारण ०.२१ चा ब्लॉक रुंद आणि उंच. मी अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे घेऊन खरादवाल्याकडे गेलो, तो दर वेळी घासून विचारायचा, "भिया, और कितना?" आणि मी परत येऊन बसवून बघायचो, तीन चकरा झाल्या, पण त्या चकरा टाळू नका कारण क्रँक जराही तिरका राहिला तर पुढचं सगळं बिघडतं. मग मेश, म्हणजे गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते. वहीच्या कागदाची पट्टी क्लच बेल (इंजिनाकडचं छोटं गिअर) आणि स्पर गिअर (त्याला लागणारं मोठं गिअर) यांच्या दातांमध्ये घाला आणि फिरवून बाहेर काढा. कागदावर एकसारख्या घड्या पडल्या पाहिजेत, फाटता कामा नये. फाटला तर मेश घट्ट आहे, बेलचं बेअरिंग जाईल, आणि घड्याच नीट उमटल्या नाहीत तर ढिली आहे, स्परचे दात उडतील. जुन्याच गिअरिंगवर मोठं इंजिन लगेच टॉपला पोचतं आणि नुसतं ओरडत राहतं, म्हणून बेलला एक-दोन दात वाढवा. टाकीही लवकर संपते, शेवटच्या थेंबापर्यंत पळवू नका, टाकी रिकामी होत आली की मिक्स्चर आपोआप लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं.

लीन. याच शब्दापायी माझं डावीकडचं इंजिन गेलं.

या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्याकडे स्वतःचा ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, जोर तिथून येतो. पण हवा बदलली की हिशोब बदलतो. मे महिन्याच्या दुपारी, ४२ डिग्रीत, बायपासपलीकडच्या मैदानावर मी नीडल, म्हणजे इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू, लावली, हेड १२० डिग्रीवर, मागे धुराची बारीक रेघ, एकदम परफेक्ट. डिसेंबरात सकाळी ७ ला त्याच नीडलवर ट्रक सोडला. १० डिग्रीच्या हवेत ४२ पेक्षा १० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, इंधन मात्र तेवढंच. पहिले दोन राउंड असा पळाला की मी खूश झालो, मग धूर दिसेना, आवाज बारीक झाला आणि बंद. इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगची तार वितळलेली, पिस्टनवर उभे ओरखडे. तेव्हापासून ते सरसर फिरतं.

मला वाईट याचं वाटतं की नंतर कित्येक महिने मी समजत होतो, इंजिनच कमजोर आहे, मोठं टाकू. आपल्यातल्या बऱ्याच जणांची खरेदी अशीच होते. आधी जुन्याचं पिस्टन-स्लीव्ह बघा, पिंच, म्हणजे वर आल्यावरचं ते अडणं, शिल्लक असेल तर नीडल शिका, इंजिन बदलू नका. थंडीत मेन नीडल आठवा हिस्सा फेरा उघडा, उन्हाळा आला की परत बंद करा. आणि प्लगजवळ टेंपरेचर गन धरल्याशिवाय फक्त आवाजावर जाऊ नका.

तेल तेवढंच महत्त्वाचं. मिथेनॉल ओलावा ओढतं, आपल्याकडे पावसाळ्यात एका रात्रीत बेअरिंगला गंज धरतो. संध्याकाळी टाकी रिकामी करा, आफ्टर-रन ऑइलचे थेंब टाका, पिस्टन खाली आणून ठेवा. गरम स्लीव्ह थंड होताना आवळते, वर अडकलेला पिस्टन ती धरून बसते. मी फ्लायव्हीलवर पांढऱ्या मार्करने खूण केलीय, ती वर दिसली की पिस्टन तळाला.

आता बाहेर चला, उजवीकडचं ट्रकमध्ये बसवून त्याचा पहिला टँक चालवू. रिच ठेवणार आहे, म्हणजे इंधन जास्त, धूर खूप होईल. मुलांनो, ट्रकच्या मागे या, पुढे नको, आणि इंधनाच्या बाटलीला हात लावू नका, मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. हेअर ड्रायरची वायर कुणीतरी घ्या रे.